‘न गेलेलं बरं’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात इंग्रजी समजणारा मीच, म्हणून रात्री दवाखान्यात मी थांबलो होतो. फेरीवर आलेले डॉक्टर बाहेरगावचे. मराठी येत नव्हतं, कन्नडही मोडकंतोडकं. जाता जाता मला म्हणाले, ‘इट इज इम्पॉर्टंट नॉट टू गिव्ह हिम एनिथिंग आफ्टर मिडनाइट.’ मी मान डोलावली. कानात ‘नॉट’ आणि ‘इम्पॉर्टंट’ एवढे दोन शब्द राहिले आणि मी त्यांची जोडी लावली: नॉट इम्पॉर्टंट. म्हणजे द्यायलाच पाहिजे असं काही नाही, मागितलं तर द्यावं. पहाटे वडिलांनी चहा मागितला. मी खालून कपभर चहा आणि दोन बिस्किटं आणून दिली. आठ वाजता नर्सबाईंनी विचारलं, ‘काही दिलं नाही ना?’ आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. भूल देताना पोटात काही असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते अगदी बरोबर होतं. मी ‘नॉट’ चुकीच्या जागी ऐकला होता.

आता मी बेळगावात संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. खानापूर, येळ्ळूर, उचगावकडची मुलं-मुली येतात, कधी निपाणीकडचे कुणी शहरात खोली घेऊन राहिलेले असतात. घरात मराठी, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड, आणि इंटरव्ह्यूला एकदम इंग्रजी. दहावीपर्यंत मराठी माध्यम झालेल्या या मुलांना काळ येतात, प्रश्न करता येतात, पण ‘न जाणं बरं’, ‘न सांगून चांगलं केलंस’, ‘पडू नये म्हणून जपून चाल’ असलं काही म्हणायची वेळ आली की गाडी अडते. हा लेख त्यांच्यासाठी, आणि घरी बसून शिकणाऱ्यांसाठी. वही-पेन घेऊन बसा. प्रत्येक वाक्य एकदा मोठ्यानं म्हणा, कारण या विषयात कानही तयार व्हावा लागतो.

पायरी पहिली: ‘नॉट’ कुणाच्या शेजारी आहे ते बघा

सगळा साचा एवढाच: आधी विशेषण, मग ‘नॉट’, मग ‘टू’, मग क्रियापदाचं मूळ रूप. ‘बेटर नॉट टू गो.’ ‘केअरफुल नॉट टू फॉल.’ क्रियापदाला ‘एस’ नाही, ‘ईडी’ नाही, ‘आयएनजी’ नाही. ‘डोन्ट’ तर मुळीच नाही. ‘इट इज बेटर टू डोन्ट गो’ हे वाक्य माझ्या वर्गात दर बॅचला येतं. ‘टू’नंतर ‘डोन्ट’ कधीच बसत नाही.

आता ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहा.

‘इट इज नॉट नेसेसरी टू कम.’
‘इट इज नेसेसरी नॉट टू कम.’

शब्द तेच, तेवढेच. पहिल्यात ‘नॉट’ विशेषणाच्या आधी आहे, म्हणून तो विशेषणाला पुसतो: येणं गरजेचं नाही, आलात तरी हरकत नाही. दुसऱ्यात तो विशेषण ओलांडून क्रियापदाकडे गेलाय: न येणं गरजेचं आहे, म्हणजे येऊच नका. एखाद्या मॅनेजरनं सुट्टीच्या दिवशी तुम्हाला यातलं एक वाक्य पाठवलं आणि तुम्ही दुसरं वाचलंत, तर काय होईल ते सांगायला नको.

ऐकताना ओळखायची एक खूण आहे. इंग्रजी माणूस भरभर बोलताना पहिल्या वाक्यातला ‘इज नॉट’ आखडून ‘इझन्ट’ करतो: ‘इट इझन्ट नेसेसरी टू कम.’ दुसऱ्या वाक्यात असं करताच येत नाही, कारण तिथं ‘इज’ आणि ‘नॉट’च्या मध्ये विशेषण उभं आहे. तेव्हा ‘इझन्ट’ किंवा ‘वॉझन्ट’ कानावर पडलं तर नकार विशेषणाचा. विशेषण झाल्यावर ‘नॉट टू’ ऐकू आलं तर नकार कामाचा, म्हणजे ते काम करायचं नाही. त्या रात्री दवाखान्यात मला एवढं ठाऊक असतं तर पुरलं असतं.

सगळ्याच विशेषणांत फरक इतका मोठा नसतो. ‘इट इज नॉट वाइज टू गो’ आणि ‘इट इज वाइज नॉट टू गो’ यांचा व्यवहारात अर्थ जवळजवळ एकच: जाऊ नये. पण ‘इम्पॉर्टंट’, ‘नेसेसरी’, ‘पॉसिबल’, ‘ईझी’ या चौघांपाशी फार सांभाळा. ‘इट इज नॉट पॉसिबल टू गो’ म्हणजे जाणं शक्य नाही. ‘इट इज पॉसिबल नॉट टू गो’ म्हणजे न जाताही चालण्यासारखं आहे. एकात वाट बंद आहे, दुसऱ्यात सुटका आहे.

‘अन’ लागलेलं विशेषण आलं, उदाहरणार्थ ‘अनसेफ’ किंवा ‘अननेसेसरी’, तर तो नकार विशेषणाच्या पोटातच गेलेला असतो. ‘इट इज अनसेफ टू क्रॉस हिअर’ आणि ‘इट इज नॉट सेफ टू क्रॉस हिअर’ एकच.

पायरी दुसरी: मराठी वाक्य आधी ‘न’वर आणा

माझ्या मते सगळी अडचण इथंच आहे, म्हणून इथं जरा थांबू या. इंग्रजीत या कामाला एकच साचा आहे. मराठीत मात्र तीच गोष्ट आपण पाच-सहा तऱ्हांनी म्हणतो, आणि प्रत्येक तऱ्हा भाषांतर करताना वेगळ्याच वाटेला नेते.

‘न गेलेलं बरं.’ यात ‘गेलेलं’ हे भूतकाळी रूप आहे, म्हणून मुलं लिहितात ‘नॉट गॉन इज बेटर’. शब्दाला शब्द जुळला, पण इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही.

‘सांगितलं नाहीस ते बरं केलंस.’ यात नकार ‘नाहीस’मध्ये, तोही भूतकाळाचा, आणि वाक्यं जणू दोन. मग येतं: ‘यू डिड नॉट टोल्ड, दॅट गुड यू डिड.’

‘पडू नये म्हणून जपून चाल.’ यातलं ‘म्हणून’ ओढून नेतं ‘फॉर’कडे: ‘वॉक केअरफुल फॉर नॉट फॉल.’

‘लग्नात दिसला नाहीस, आश्चर्य वाटलं.’ ‘हसू आवरेना.’ ‘घेतल्याशिवाय राहवलं नाही.’ शेवटच्या दोहोंत तर ‘न’ हा वेगळा शब्दच नाही, तो ‘आवरेना’च्या शेपटात आणि ‘शिवाय’च्या आत दडलाय.

उपाय असा: इंग्रजीकडे जाण्याआधी मराठी वाक्य मनातल्या मनात ‘न अमुक करणं तमुक आहे’ या रूपात मोडा. कानाला ते बोजड लागेल, लागू द्या, ते कुणाला ऐकवायचं नाही. ‘न गेलेलं बरं’चं होतं ‘न जाणं बरं’. ‘सांगितलं नाहीस ते बरं केलंस’चं होतं ‘न सांगणं हा तुझा शहाणपणा’. ‘हसू आवरेना’चं होतं ‘न हसणं कठीण’. एकदा ‘न’ क्रियापदाच्या पुढ्यात येऊन बसला की काम झालं, कारण ‘न जाणं’मधला ‘न’ जिथं बसतो तिथंच इंग्रजीतला ‘नॉट’ बसतो. ‘न’ म्हणजे ‘नॉट’, ‘जाणं’ म्हणजे ‘टू गो’. ‘न जाणं’: ‘नॉट टू गो’. दोन्ही भाषांत नकार आधी, क्रिया मागून.

आपल्या भागातल्या माणसाला इथं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कन्नडमध्ये हाच नकार क्रियापदाच्या मागून येतो. ‘होगोदु छलो’ म्हणजे जाणं चांगलं, ‘होगदे इरोदु छलो’ म्हणजे न जाणं चांगलं. ‘होगु’चं ‘होगदे’ झालं, नकार क्रियापदाच्या अंगातच मुरला. दिवसभर दुकानात किंवा कारखान्यात कन्नड बोलणाऱ्या मुलांना मी बघितलंय, ती ‘नॉट’ क्रियापदाच्या मागं टाकतात: ‘बेटर टू गो नॉट.’ तेव्हा या एका कामापुरतं कन्नड बाजूला ठेवा आणि मराठीचा ‘न’ हाताशी धरा. एरवी दोन भाषा येणं हे आपलं मोठं भांडवल आहे, यात मला शंका नाही.

आता बसवून बघा. न जाणं बरं: ‘इट इज बेटर नॉट टू गो.’ पावसाळ्यात रात्री चोर्ला घाटातून न गेलेलं बरं: ‘इट इज सेफर नॉट टू टेक द चोर्ला रोड ॲट नाइट इन द रेन्स.’ लग्नात दिसला नाहीस, आश्चर्य वाटलं: ‘आय वॉज सरप्राइज्ड नॉट टू सी यू ॲट द वेडिंग.’ पडणार नाहीस अशी काळजी घे: ‘बी केअरफुल नॉट टू फॉल.’

पायरी तिसरी: काम कुणाचं, ‘ऑफ’चं की ‘फॉर’चं

‘इट इज’नं सुरू होणाऱ्या वाक्यात माणूस आणायचा असेल तर तो विशेषण आणि ‘नॉट’ यांच्या मध्ये येतो. त्याच्या आधी ‘ऑफ’ की ‘फॉर’, हे विशेषणावरून ठरतं.

विशेषण त्या माणसाच्या स्वभावाला किंवा अकलेला लागू पडत असेल तर ‘ऑफ’. मूर्खपणा, शहाणपणा, चांगुलपणा, उद्धटपणा हे माणसाचे असतात. ‘इट वॉज फूलिश ऑफ हिम नॉट टू वेअर अ हेल्मेट.’ हेल्मेट न घालणं हा त्याचा मूर्खपणा. ‘इट वॉज काइंड ऑफ यू नॉट टू टेल माय फादर.’ वडिलांना सांगितलं नाहीस, तुझा चांगुलपणा. तपासायचं तर ‘तो मूर्ख’, ‘तू चांगला’ असं म्हणून बघा. जमलं तर ‘ऑफ’.

विशेषण कामाला लागू पडत असेल तर ‘फॉर’. ‘इट इज इम्पॉर्टंट फॉर चिल्ड्रन नॉट टू ड्रिंक दिस वॉटर.’ इथं महत्त्वाची मुलं नव्हेत, पाणी न पिणं महत्त्वाचं आहे. ‘मुलं महत्त्वाची’ असं म्हणायचं नाहीये, म्हणून ‘फॉर’. माणूस मध्ये नसेल तर ‘फॉर’ही नको. ‘इट इज बेटर फॉर नॉट टू गो’ हे चूक, कारण ‘फॉर’पुढं कुणीच नाही.

पायरी चौथी: विशेषण थेट माणसाला

वाक्य ‘इट’नं सुरू व्हायलाच हवं असं नाही. ‘मी’, ‘ती’, ‘आम्ही’ यांच्यापासून सुरू करून विशेषण थेट माणसाला लावता येतं, आणि रोजच्या बोलण्यात हेच जास्त लागतं. ‘केअरफुल’, ‘ग्लॅड’, ‘सॉरी’, ‘लकी’, ‘डिसअपॉइंटेड’, ‘डिटरमिन्ड’ हे सहा पाठ करा, बाकीचे आपोआप येतील.

‘शी वॉज केअरफुल नॉट टू वेक द बेबी.’ बाळ उठू नये म्हणून ती जपून वागली. ‘वी वर लकी नॉट टू मिस द लास्ट बस टू खानापूर.’ नशीब, शेवटची बस चुकली नाही. ‘ही वॉज डिसअपॉइंटेड नॉट टू गेट द जॉब.’ ‘आय ॲम डिटरमिन्ड नॉट टू बॉरो मनी अगेन.’ पुन्हा उसने घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. निर्धार आणखी पक्का दाखवायचा तर ‘नॉट’च्या जागी ‘नेव्हर’: ‘डिटरमिन्ड नेव्हर टू बॉरो’.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम करणारा एक विद्यार्थी माझ्याकडे बोर्डाची ओळ विचारायला आला होता. साच्याजवळ पाणी सांडू नये अशी सूचना त्याला तीन भाषांत लिहायची होती. तापलेला धातूचा रस ओल्या जागी पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून अंगावर येतो, त्यामुळे ती ओळ नुसती शोभेची नव्हती. मराठी त्यानं लिहून आणलं होतं, कन्नड त्याच्या मेस्त्रीनं. इंग्रजीत त्यानं लिहिलं होतं: ‘बी नॉट केअरफुल टू स्पिल वॉटर.’ वाचा एकदा. काळजी घेऊ नका, असा त्याचा अर्थ. ‘नॉट’ एक घर पुढं सरकवला: ‘बी केअरफुल नॉट टू स्पिल वॉटर निअर द मोल्ड्स.’ त्यानं खिशातल्या कागदावर ‘नॉट’भोवती गोल काढून घेतला, पेंटरनं चुकू नये म्हणून.

दोन विशेषणं जरा वेगळी वागतात. ‘शुअर’मध्ये जागा बदलली की अर्थ पार बदलतो: ‘ही इज शुअर नॉट टू कम’ म्हणजे तो नक्कीच येणार नाही, ‘ही इज नॉट शुअर टू कम’ म्हणजे येईलच याची खात्री नाही. आणि ‘एबल’पुढं ‘नॉट टू’ लावू नका. ‘आय ॲम एबल नॉट टू कम’ ऐकणाऱ्याला कळणार नाही. ‘आय ॲम नॉट एबल टू कम’ किंवा ‘आय ॲम अनेबल टू कम’ म्हणा.

पायरी पाचवी: ‘राहवत नाही’चं इंग्रजी

मला स्वतःला हा भाग फार आवडतो, कारण इथं मराठी आणि इंग्रजी एकमेकींना चांगल्या भेटतात.

‘हार्ड’, ‘डिफिकल्ट’, ‘इम्पॉसिबल’ यांच्यापुढं ‘नॉट टू’ आलं की दोन नकार मिळून होकार होतो. ‘इट इज हार्ड नॉट टू लाफ’ म्हणजे न हसणं कठीण, म्हणजेच हसू येतंच, आवरत नाही. ‘इट इज इम्पॉसिबल नॉट टू लाइक हर’ म्हणजे ती आवडल्याशिवाय राहत नाही. कुंद्याचा डबा उघडून समोर ठेवलाय आणि पाहुण्याला इंग्रजीत सांगायचंय की खाल्ल्याशिवाय राहवत नाही: ‘वन्स द बॉक्स इज ओपन, इट इज हार्ड नॉट टू ईट इट.’ आपलं ‘ल्याशिवाय राहवत नाही’ आणि त्यांचं ‘हार्ड नॉट टू’ ही एकमेकींची नेमकी भाषांतरं आहेत, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता.

‘टू’ म्हणजे ‘फार’ या शब्दाकडे इथंच बघून घ्या. ‘आय ॲम टू टायर्ड टू कुक.’ इतकी दमले की स्वयंपाक होणार नाही. मराठीत ‘नाही’ आहे म्हणून इंग्रजीत ‘नॉट’ घालावासा वाटतो, पण तो घालायचा नाही, नकार त्या पहिल्या ‘टू’मध्येच आहे. ‘टू टायर्ड नॉट टू कुक’ लिहिलंत तर अर्थच लागत नाही. उलट ‘द मँगोज वर टू गुड नॉट टू बाय’ हे बरोबर: आंबे इतके चांगले की घेतल्याशिवाय राहवलं नाही.

पायरी सहावी: झालं ते झालं

भूतकाळातल्या गोष्टीबद्दल आत्ता हळहळ किंवा समाधान वाटत असेल तर ‘नॉट टू’पुढं ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप येतं. ‘आय ॲम सॉरी नॉट टू हॅव मेट युवर मदर.’ आईंची भेट झाली नाही, वाईट वाटतं. ‘ही इज लकी नॉट टू हॅव बीन हर्ट.’ लागलं नाही, नशीब. फार खोलात जायला नको, सुरुवातीला एवढी दोन वाक्यं तोंडात बसली तरी खूप.

काही खाचा

‘हॅड बेटर’ आणि ‘इज बेटर’ यांत गल्लत करू नका. ‘इट इज बेटर नॉट टू गो’मध्ये ‘टू’ आहे. ‘यू हॅड बेटर नॉट गो’मध्ये ‘टू’ नाही, आणि त्यात थोडी ताकीदही आहे: गेला नाहीस तर बरं, नाहीतर बघ.

विशेषण नसताना नुसता हेतू सांगायचा असेल तर एकटं ‘नॉट टू’ पुरत नाही. ‘आय वॉक्ड स्लोली नॉट टू फॉल’ हे चूक. ‘आय वॉक्ड स्लोली सो ॲज नॉट टू फॉल’ म्हणा. ‘केअरफुल’ असेल तर मात्र ‘केअरफुल नॉट टू फॉल’ पुरे.

‘टू नॉट गो’ असं तुम्हाला मोबाइलवर, व्हिडिओत ऐकू येईल. आजकाल इंग्रजी लोकही बोलताना तसं म्हणतात, आणि ते चूक म्हणून कुणाला टोकू नये. अर्जात, परीक्षेत, ऑफिसच्या पत्रात मात्र ‘नॉट टू गो’च लिहा.

बोलताना पुढचं क्रियापद समोरच्याला ठाऊक असेल तर ते गाळता येतं, पण ‘टू’ राहतो. ‘शुड वी इन्व्हाइट देम?’ ‘इट वुड बी रूड नॉट टू.’ न बोलावणं बरं दिसणार नाही. ‘रूड नॉट’ एवढ्यावर थांबलात तर वाक्य लटकतं.

आता तुम्ही करा

खालची वाक्यं आधी ‘न अमुक करणं’मध्ये मोडा, मग इंग्रजीत लिहा. उत्तर बघायची घाई करू नका.

बँकेच्या फॉर्मवर जुनं नाव न लिहिलेलं बरं. (१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे. घरात आपण बेळगावच म्हणतो, तो वेगळा विषय.) भांडला नाहीस, शहाणपणा केलास. शनिवारी येण्याची गरज नाही. त्यांना न बोलावणं कठीण आहे. इतका उशीर झालाय की जाता येणार नाही. मुलाखतीत मराठी शब्द येऊ नयेत म्हणून ती जपून बोलली.

पहिलं: ‘इट इज बेटर नॉट टू राइट द ओल्ड नेम ऑन द बँक फॉर्म.’ दुसऱ्यात शहाणपणा माणसाचा, म्हणून ‘ऑफ’: ‘इट वॉज वाइज ऑफ यू नॉट टू क्वारल.’ तिसऱ्यात तुम्हाला ‘न’वर आणायचा मोह झाला असेल, पण इथं नकार गरजेला आहे, येण्याला नाही: ‘इट इज नॉट नेसेसरी टू कम ऑन सॅटर्डे.’ चौथं: ‘इट इज डिफिकल्ट नॉट टू इन्व्हाइट देम.’ पाचव्यात ‘नॉट’ मुळीच नको: ‘इट इज टू लेट टू गो.’ सहावं: ‘शी वॉज केअरफुल नॉट टू यूज मराठी वर्ड्स इन द इंटरव्ह्यू.’ तिसरं आणि पाचवं चुकलं असेल तर पहिली आणि पाचवी पायरी उद्या पुन्हा वाचा. माझ्या वर्गातही सगळ्यात जास्त चुका याच दोन वाक्यांत होतात.